बंदूक काळीच राहू द्या

हरभऱ्याला घाटे धरले, तूर शेंगांवर आली की आपल्या वऱ्हाडात रात्रीची जागल सुरू होते. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत उभं वावर लोळवतात. ज्यांच्याकडे पीकसंरक्षणाचा परवाना आहे, त्यांची बंदूक मग कोठीतून बाहेर निघते. आणि निघाली की पहिलं काय होतं? घरातलं एखादं पोरगं पॉलिश पेपर घेऊन तिला घासायला बसतं. विळा घासावा तशी घासतं आणि पांढरीफटक करून आणून दाखवतं. आपणही त्याची पाठ थोपटतो. राजेहो, थोपटण्यासारखं त्यात काही नाही.

नळीच्या मागे ज्या लोखंडी भागात घोडा आणि चाप बसतो, त्याला आपण बॉडी म्हणतो. रायफलीत त्यालाच रिसीव्हर म्हणतात. त्यावरचा निळसर काळा रंग हा डब्यातला रंग नव्हे. पोलादाचाच वरचा पापुद्रा कारखान्यात रसायनांच्या तापलेल्या द्रावणात बुडवून काळा केलेला असतो. तसा तोही एक प्रकारचा गंजच. पण तांबडा गंज फुगतो, सुटतो आणि खालचं लोखंड खात जातो, हा काळा थर मात्र घट्ट धरून बसतो. तो केसापेक्षा कितीतरी पातळ असतो. त्याचं खरं काम तेल धरून ठेवण्याचं. थर आणि तेल मिळून गंज अडवतात. एकट्याचं ते काम नाही. घासून काढलेला थर परत येत नाही. चिंच, लिंबू, राख, विटेची भुकटी हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ठीक आहे. आंबट पदार्थानं हा काळा थर पाहता पाहता उतरतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. बंदुकीवर कारखान्याचं नाव आणि क्रमांक ठोकलेला असतो, तो पुष्कळदा याच बॉडीवर. दर दिवाळीला पॉलिश पेपर फिरवला तर तो आकडा हळूहळू बुजतो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ८ प्रमाणे क्रमांक पुसणं गुन्हा आहे. आणि ज्याच्या ताब्यात अशी बंदूक सापडेल त्यानंच तो पुसला, असं कायदा धरून चालतो. तसं नाही हे आपणच सिद्ध करायचं. पोरानं हौसेनं घासली, हे साहेबाला कसं पटवणार? गावच्या लोहाराकडून नवा रंग चढवून घेऊ म्हणाल, तर दुरुस्तीलाही परवानाधारक कारागीरच लागतो.

आपल्याकडची बंदूक वाजून झिजत नाही, ती उभ्या उभ्या मरते. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे वनखात्याच्या परवानगीशिवाय रोह्याला किंवा रानडुकराला मारता येत नाही. तेव्हा वर्षातले बहुतेक दिवस ती कोपऱ्यात उभी असते, आणि तो कोपरा बऱ्याच घरांत खताच्या पोत्यांचा असतो. युरिया हवेतली ओल ओढतो. पोटॅशमधला क्लोराइड तर लोखंडाचा वैरीच. शिवाय कापडी किंवा चामड्याची खोळ पावसाळ्यात ओल धरून बसते. खोळ प्रवासापुरती बरी. घरात बंदूक कोरड्या कपाटात, कुलुपात, उघडी ठेवावी.

आता निगा कशी राखायची ते सांगतो. आधी बंदूक भरलेली नाही हे स्वतः पाहा, दुसऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका. मग धोतराच्या जुन्या मऊ धडप्यानं घाम आणि धूळ पुसा. उन्हाळ्यात घामाच्या हाताचे ठसे तसेच राहिले तर तिथेच पहिला तांबडा डाग उठतो. ठासणीची बंदूक वाजली असेल तर नुसतं तेल पुरत नाही. दारूची राख आणि टोपीतला क्षार ओल ओढतात. ते तेलात विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून लाकूड भिजू न देता साबणाच्या गरम पाण्यानं धुवा, पूर्ण कोरडी करा आणि लगेच तेलाचा हात द्या.

तेल कोणतं? शिलाई मशीनचं पातळ तेल चांगलं. जवसाचं, करडईचं नको. ही तेलं हवेनं सुकतात, चिकट होतात आणि घोडा जाम करतात. जवसाचं तेल लाकडी दस्त्याला मात्र उत्तम, तिथे ते खुशाल चोळा. कुठे गंजाचा ठिपका दिसलाच तर त्यावर तेल लावून रात्रभर राहू द्या आणि सकाळी जाड सुती कापडानं चोळा. एवढ्यानं जात नसेल तर कारागिराकडे न्या.

सरकारदरबारीही एक सांगणं आहे. २०१९ च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. हेलपाटे वाचले, चांगलंच झालं. पण नूतनीकरणाला शस्त्र तपासायला मागतात, तेव्हा क्रमांक जुळला की काम संपतं. पोलीस मुख्यालयात शस्त्रांची निगा जाणणारा आर्मोरर असतो. त्यानं त्या दिवशी शेतकऱ्याला दहा मिनिटं समजावून सांगितलं तर खजिन्याचं काय जाणार आहे?

आणि निवडणुका! २०२४ मध्ये अकोला-अमरावतीत २६ एप्रिलला लोकसभेचं आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान झालं. आचारसंहितेत ज्यांना शस्त्र जमा करण्याचा आदेश होतो, त्यांची बंदूक निकाल लागेपर्यंत ठाण्यातच. तिथे तिला कोण पुसणार? लोकसभेच्या वेळी जमा केलेली परत हाती येईपर्यंत मृग लागलेला असतो, म्हणजे ओलीचे दिवस सुरू. मालक आपण आहोत, पण तेवढे दिवस ताबा सरकारचा आहे, तेव्हा जबाबदारीही त्यांचीच हवी. कोरडी खोली आणि उभ्या ठेवायला लाकडी घोडी, एवढी मागणी काही फार नाही.

ती पूर्ण होईस्तोवर आपण एवढं करू शकतो. जमा करण्याच्या आदल्या दिवशी बॉडीला आणि नळीला नेहमीपेक्षा जाड तेलाचा हात द्या. पावती घेताना क्रमांक स्वतः वाचून पडताळा, आणि त्याखाली ‘गंज नाही’ एवढे दोन शब्द लिहून मागा.