आक्षेप घ्या, पण पडदा पाडू नका!

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रेक्षकांना, मंडळांना आणि आयोजकांना जाहीर आवाहन



चहाच्या टपरीवर, एस.टी.त, लग्नाच्या पंगतीत एक वाक्य हमखास कानावर पडतं : "आज दादा कोंडके असते, तर लोकांनी त्यांना एक सिनेमा काढू दिला नसता." म्हणणारा उसासा टाकतो, ऐकणारा मान डोलावतो आणि मग दोघंही मोबाइलवर दादांचीच क्लिप लावून खो खो हसतात. हे पत्रक त्या उसाशाच्या विरोधात आहे. तो उसासा अर्धा खोटा आहे आणि त्याच्या आडोशाला बसून आपण आपलं काम टाळतो आहोत.

जुने दिवस काही एवढे सोन्याचे नव्हते

१९३८ साली मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' आला. कथा आचार्य अत्र्यांची. ब्रह्मचर्याची शपथ घेऊन बसलेल्या तरुणाची त्यात यथेच्छ टर उडवली होती आणि नायिका मीनाक्षी पोहण्याच्या पोशाखात पडद्यावर आली होती. संस्कृती बुडाल्याची ओरड तेव्हाही झाली. सिनेमा मात्र धो धो चालला.

१९७१ साली दादांचा 'सोंगाड्या' आला. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने हिंदी सिनेमासाठी त्याला बाजूला सारायचं ठरवलं. शिवसेनेने जोर लावला म्हणून तो पडद्यावर राहिला. हा किस्सा आजही छाती फुगवून सांगितला जातो. आम्हाला त्यात दुसरंही काही दिसतं. गर्दीच्या जोरावर उघडलेलं दार गर्दीच्याच जोरावर बंदही होतं. पुढे दादांच्या द्वयर्थी संवादांवरून सेन्सॉरशी झटापटी होत राहिल्या, त्या वेगळ्याच.

तेव्हा पूर्वी लोक मोठ्या मनाचे होते आणि आता कोत्या मनाचे झाले, ही गोष्ट आम्हाला सांगू नका. चिडणारे तेव्हाही होते. फरक पडलाय तो चिडण्याच्या तऱ्हेत. जून २००८ मध्ये ठाण्याच्या गडकरी रंगायतनात बॉम्ब फुटला आणि माणसं जखमी झाली. राग होता 'आम्ही पाचपुते' या विनोदी नाटकावर. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनगीतावरून मुंबईत खारच्या स्टुडिओची तोडफोड झाली आणि दुसऱ्याच दिवशी महापालिकेचा हातोडाही तिथेच पोहोचला.

भावना दुखण्याचं वेळापत्रक

'अशी ही बनवाबनवी' १९८८ चा. भाड्याने खोली मिळेना, म्हणून दोन जवान पोरं लुगडी नेसून घरमालकीण लीलाबाईंच्या दारात मित्रांच्या बायका म्हणून उभी राहतात. सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते आणि पुढे पार्वतीच्या पोटात बाळही वाढतं! आज हाच सिनेमा नव्याने लागला असता, तर कोणी म्हणालं असतं बायकांची टिंगल, कोणी म्हणालं असतं तृतीयपंथीयांचा अपमान, कोणी म्हणालं असतं मातृत्वाची चेष्टा. शुक्रवारच्या आधी निवेदनं गेली असती आणि शनिवारी पोस्टर फाटलं असतं.

आता गंमत पाहा. हाच सिनेमा टीव्हीवर सतत लागतो. घरोघरी आजी, सून, नातू एकत्र बसून पाहतात. कोणाची भावना दुखत नाही आणि कोणी सेट-टॉप बॉक्स फोडत नाही. सिनेमा तोच, संवाद तेच, माणसंही तीच. मग दुखतं ते नेमकं काय?

दुखणं सिनेमात नसून प्रदर्शनाच्या तारखेत आहे. नवा सिनेमा लागतो त्या आठवड्यात कॅमेरे लागलेले असतात, निर्मात्याचे पैसे अडकलेले असतात, चित्रपटगृहवाला घाबरलेला असतो. त्या आठवड्यात दगड उचलला की फोटो छापून येतो. तीस वर्षांपूर्वीच्या सिनेमावर दगड उचलला तर कुत्रंही विचारत नाही. जुने विनोदी सिनेमे आज आले असते तर गदारोळ झाला असता का, या प्रश्नाचं आमचं उत्तर म्हणून सरळ आहे : झाला असता. त्यांच्यात काही नवं पाप सापडलं म्हणून नाही, गदारोळ हा आता धंदा झालाय म्हणून.

यवतमाळनेही बंदी मागितली होती

दुसऱ्यांना शहाणपण शिकवण्याआधी आपल्या जिल्ह्याकडे बघू.

ऑगस्ट २०१० मध्ये अनुषा रिझवी यांचा 'पीपली लाइव्ह' आला. कर्जापायी नथ्था या शेतकऱ्याची जमीन लिलावात जाणार असते. गावचा पुढारी सुचवतो, जीव दिलास तर सरकार १ लाख रुपये देतं. थोरला भाऊ बुधिया नथ्थालाच पुढे करतो. बातमी फुटते, वाहिन्यांच्या गाड्या गावात तळ ठोकतात आणि नथ्था मरणार कधी, याची जत्रा भरते. प्रशासन त्याला 'लाल बहादूर' योजनेतून एक हातपंप देऊन मोकळं होतं. तो पंप बसवायला पैसे मात्र कोणाकडेच नसतात.

या सिनेमावर आपल्याच विदर्भ जनआंदोलन समितीने आक्षेप घेतला आणि बंदी मागितली. शेतकरी मदतीच्या पैशासाठी मरतो असं चित्र देशापुढे जातं, हा अपमान आहे, असं तिचं म्हणणं होतं. हा राग आम्ही समजू शकतो. ज्या जिल्ह्यात गावागावांत कपाळ पुसलेल्या बाया आहेत, तिथे मरणावर हशा पिकलेला ऐकला की काळजात चर्र होणारच. आक्षेप खरा होता. मागणी चुकली होती.

कारण हसू कोणावर होतं, ते पाहा. नथ्थावर नव्हतं. नथ्थाने सकाळी केलेल्या विष्ठेवरून त्याची मनःस्थिती सांगणाऱ्या वार्ताहरावर होतं, हातपंपाचा फोटो काढून घेणाऱ्या साहेबावर होतं. त्याच गावात होरी महतो नावाचा एक म्हातारा रोज माती खणून विकतो आणि एके दिवशी त्याच खड्ड्यात मरून पडतो. त्याच्याकडे एकही कॅमेरा वळत नाही. प्रेक्षागृहातला हशा तिथे थिजतो. हा सिनेमा शेतकऱ्याची थट्टा करतो असं म्हणणाऱ्याने होरी महतोपर्यंत पाहिलेलाच नाही.

आता सिनेमा सोडा, आपल्या घरचं बोला. आपल्याकडे कुटुंबाला १ लाख मिळतात तेही 'पात्र' ठरलं तर. जमीन नावावर होती का, कर्ज बँकेचं होतं का, वसुलीचा तगादा होता का, हे सगळं मेलेल्या माणसाने कागदावर सिद्ध करायचं. एखादा 'अपात्र' शेतकरी मेला, तर सरकारच्या लेखी तो शेतकरी म्हणून मेलाच नाही. २००६ च्या सरकारी मदत पॅकेजांमध्ये विदर्भात अनुदानावर दुभत्या गाई वाटल्या गेल्या. कोरडवाहू जमिनीवर माणसाचं पोट भरेना, त्या दारात गाय आणून बांधली आणि चारा आणायचा कुठून, ते कोणी सांगितलं नाही. सांगा, लाल बहादूरचा हातपंप जास्त हास्यास्पद की ही गाय? बंदी घालायचीच होती तर ती या कारभारावर घालायला हवी होती.

मरणाच्या सावलीत हसणं आपल्या माणसांना परकं नाही. 'पीपली'च्या एक वर्ष आधी सतीश मन्वर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' आला होता. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिल्यावर अलका धास्तावते, नवऱ्याला गोडधोड खाऊ घालते आणि लहान पोराला त्याच्या मागावर सोडते. बाप जिकडे जाईल तिकडे पोरगा. पाहताना हसू येतं आणि पोटात खड्डाही पडतो. विदर्भाचं दुःख इतक्या नेमकेपणाने किती अहवालांनी सांगितलं?

हे आमच्याच मातीतलं आहे

देवाधर्माची आणि गरिबाची थट्टा आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं सांगणाऱ्यांनी एकदा तमाशातली गवळण पाहावी. लुगडं नेसलेली पुरुष मावशी आणि पेंद्या मिळून साक्षात कृष्णाची फिरकी घेतात आणि प्रेक्षक घरी जाऊन त्याच कृष्णाला हात जोडतात. बोरी अरबचे शंकर बडे 'बॅरिस्टर गुलब्या' घेऊन गावोगाव फिरले आणि वऱ्हाडी माणसाला वऱ्हाडीतच चिमटे काढत राहिले. डॉ. मिर्झा रफी अहमद बेग यांच्या 'मिर्झा एक्सप्रेस'ने पुढाऱ्यांपासून शेतकऱ्यांपर्यंत कोणाला सोडलं नाही, आणि त्याच शेतकऱ्यांनी रात्र रात्र बसून त्यांना ऐकलं. आपला माणूस एवढा लेचापेचा नाही. त्याला लेचापेचा ठरवून त्याच्या वतीने रागावणारे मात्र वाढलेत.

मग टीका करायचीच नाही का?

करायची, आणि खणखणीत करायची. जुन्या विनोदी सिनेमांत सावळ्या मुलीवर, जाड बाईवर, तोतऱ्या माणसावर किती फुकट हशे वसूल केलेत ते मोजा. बायकोच्या कानाखाली वाजवणं हा विनोद होता. छेडछाड हे प्रेम होतं. आम्हा वऱ्हाडी लोकांनाही अनुभव आहे : आपली बोली पडद्यावर आली की बहुतेक वेळा ती गड्याच्या नाहीतर खुळ्याच्या तोंडी. ते खुपतं आणि खुपतं म्हणून सांगायचंही असतं. आजची तरुण पोरगी तो प्रसंग पाहून "यात हसण्यासारखं काय आहे?" असं विचारत असेल, तर तिला 'तुला विनोदबुद्धी नाही' म्हणून गप्प बसवू नका. तिचा प्रश्न रास्त आहे. जो विनोद एका प्रश्नाने मरतो, तो मेलेलाच बरा.

पण प्रश्न विचारणं वेगळं आणि दगड उचलणं वेगळं. पहिल्याने विनोद सुधारतो. दुसऱ्याने फक्त दगडवाल्याची पत वाढते.

खरा पराभव कुठे होतो?

जानेवारी २०१९. आपल्याच यवतमाळात ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन. उद्घाटनाला नयनतारा सहगल यांना रीतसर निमंत्रण गेलं होतं. इंग्रजीत लिहिणारी लेखिका कशाला, असा आक्षेप आला, उधळून लावण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. एकही दगड पडला नव्हता. दगड पडेल एवढं ऐकूनच आपण हात टेकले. साहित्य महामंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला, संमेलनाध्यक्ष अरुणा ढेरे यांनी व्यासपीठावरून नापसंती सांगितली आणि सहगल यांचं जे भाषण यवतमाळात हजार-दोन हजार लोकांनी ऐकलं असतं ते महाराष्ट्रभर छापून वाचलं गेलं. उद्घाटन अखेर याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकऱ्याच्या विधवेने केलं, आणि त्या बोलल्याही ठणठणीत. त्यांचा मान मोठाच आहे. पण एका बाईला धमकीने घालवून रिकामी झालेली खुर्ची त्यांच्या वाट्याला देणं, हा त्यांचाही अपमान होता.

बंदी आणणाऱ्याकडे मुळात ताकद थोडीच असते. ती त्याला घाबरणारा आयोजक देतो.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. निदर्शनांच्या, मोर्चाच्या किंवा हिंसाचाराच्या धमकीपुढे अभिव्यक्तीचा गळा घोटता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली रंगराजन खटल्यात सांगितलं. संरक्षण देणं हे सरकारचं काम आहे. आपलं संमेलन झालं त्याच वर्षी बंगालमध्ये 'भविष्यतेर भूत' हा भुतांचा विनोदी सिनेमा प्रदर्शनानंतर लगेचच चित्रपटगृहांतून गायब झाला. न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली.

म्हणून आमचं म्हणणं

१. मंडळांनो, महाविद्यालयांनो, पाहुणा किंवा सिनेमा ठरवण्याआधी हवा तेवढा वाद घाला. एकदा ठरलं की मागे फिरू नका. धमकी आली तर ती लेखी मागा, पोलिसांत द्या आणि गावाला सांगा.

२. आक्षेप घेणाऱ्यांनो, आधी अख्खा सिनेमा पाहा. मग पत्रक काढा, दाराबाहेर फलक घेऊन उभे राहा, लोकांना जाऊ नका म्हणा. तो तुमचा हक्क आहे आणि त्यासाठी आम्हीही भांडू. लोकांना आत जाऊ न देणं हा कोणाचाच हक्क नाही.

३. पोलीस प्रशासनाला विनंती : आयोजकाला नोटीस देण्याआधी धमकी देणाऱ्याला द्या.

४. हसणाऱ्यांनो, टीका झाली की 'आता काही बोलायचीच सोय राहिली नाही' असं रडगाणं गाऊ नका. बोलायची सोय आहे. उत्तर ऐकून घ्यायची तयारी ठेवा.

येत्या दुर्गोत्सवात आपल्या मंडळाने रीतसर परवानगी काढून एका संध्याकाळी 'पीपली लाइव्ह' लावावा. सिनेमा संपल्यावर तासभर चर्चा ठेवा आणि पहिला माइक जिच्या घरात शेतकऱ्याची आत्महत्या घडलीय त्या बाईच्या हातात द्या. ती रागावली तर तिचा राग ऐका, ती हसली तर तिच्यासोबत हसा. कोणी उधळायला येणार असेल तर आम्हाला आधी कळवा. आम्ही पहिल्या रांगेत बसू.

आपले,
यवतमाळ जिल्ह्यातले काही प्रेक्षक

(वाचून झाल्यावर टाकून देऊ नका, शेजाऱ्याला द्या.)