पोळीवरचा कर गेला, पण पोळी कुणी करायची?

घटस्थापनेच्या दिवशी, म्हणजे २२ सप्टेंबर २०२५ ला, देशभर जीएसटीचे नवे दर लागू झाले. टीव्हीवर चर्चा चालली होती ती गाड्या आणि एसी किती स्वस्त होणार याची. पण मैत्रिणींनो, त्या लांबलचक यादीत आपल्या स्वयंपाकघराच्या कामाच्या बऱ्याच ओळी होत्या. पाकिटातल्या तयार पोळ्या, रोट्या, पराठे यांच्यावरचा कर शून्य झाला. पाकीटबंद पनीर आणि महिनोन् महिने टिकणारं खोक्यातलं दूधही करमुक्त झालं. नूडल्स, पास्ता, सॉस हे १२ किंवा १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आले. भांडी घासायचं यंत्र २८ वरून १८ टक्क्यांवर आलं.

या पोळीची कथा तशी मजेदार आहे. २०२० मध्ये कर्नाटकातल्या कर प्राधिकरणाने निकाल दिला होता की परोटा म्हणजे काही रोटी नव्हे. रोटीला ५ टक्के, परोट्याला १८. का, तर तो खाण्याआधी तव्यावर गरम करावा लागतो! सोशल मीडियावर तेव्हा या निकालाची यथेच्छ टिंगल झाली होती. आता दोन्ही एका पंगतीत बसले. गंमत अशी की पाकीटबंद कणकेवर २०२२ च्या जुलैत जे ५ टक्के लागले, ते तसेच राहिले. म्हणजे घरी आणून मळा, लाटा, भाजा तर कर, आणि आयती घ्या तर माफ. सरकारला यातून काही सुचवायचं असेल असं मला वाटत नाही. पण बाजार कुठल्या दिशेला चाललाय ते यातून दिसतं. संध्याकाळचं जेवण पाकिटातून येणार, हे आता सगळ्यांनी गृहीत धरलंय.

आमच्याकडे ते गृहीत धरायला कारणही तसंच आहे. मी राहते शीळफाट्याजवळ. कल्याणचा रस्ता, मुंब्रा-पनवेल रस्ता आणि महापेकडून येणारा रस्ता, हे सगळे इथे एकमेकांच्या अंगावर येतात. महापेच्या ऑफिसातून सहाला निघालेली बाई घरी कधी पोचेल हे ज्योतिषीसुद्धा सांगणार नाही. अंतर म्हणाल तर काही किलोमीटरचं. याच शीळफाट्यापासून वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा होतोय, त्यातला ७ किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. सप्टेंबर २०२५ मध्येच घणसोली ते शीळफाटा हा जवळपास ५ किलोमीटरचा तुकडा आरपार झाला. कौतुकच आहे. पण आज साडेसात वाजता कंटेनरच्या मागे अडकलेल्या बसमध्ये मनात एकच विषय असतो, रात्री काय करायचं? घरी सातवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा. दोघांनाही आठला कडकडून भूक लागते.

म्हणून कर कमी झाल्यावर मी एक उद्योग केला. महिनाभर बाजारातल्या ‘सोयीच्या’ वस्तू ओळीने वापरून पाहिल्या. नुसतं बरं-वाईट असं नाही, तर घड्याळ लावून. वही स्वयंपाकघरातच लटकवली होती.

सुरुवात तयार भाजी-आमटीच्या पाकिटांनी. ही पाकिटं बिनफ्रीजची महिनोन् महिने कशी टिकतात याचं आपल्याला कोडं पडतं आणि ‘भरपूर केमिकल असणार’ असं आपण म्हणून टाकतो. तसं नसतं. भाजी आधी पाकिटात भरून पक्की बंद करतात आणि मग दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. आपल्या कुकरचंच मोठं भावंड म्हणा ना. हे तंत्र भारतात रुजवलं ते म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने, सीमेवरच्या जवानांसाठी. तिथून ते खासगी कंपन्यांकडे आणि मग आपल्या किराणा दुकानात आलं. पाकीट उकळत्या पाण्यात टाकून ताटात येईपर्यंत आठ मिनिटं लागली. वेळ खरंच वाचला.

पण पाकिटाची मागची बाजू वाचा. एका पाकिटावर १०० ग्रॅमला ४५० मिलिग्रॅम सोडियम लिहिलं होतं. पाकीट ३०० ग्रॅमचं, म्हणजे झालं १३५०. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे सव्वातीन ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. एकट्याने ते पाकीट संपवलं तर अर्ध्याहून जास्त कोटा तिथेच संपला, वर लोणचं-पापड वेगळं. हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करायला कुणाला वेळ आहे? म्हणूनच पाकिटाच्या पुढच्या बाजूला, दिसेल असा इशारा छापावा अशी मागणी आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या विषयावर तीन महिन्यांत शिफारशी द्यायला सांगितलं होतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादच्या पोषण संस्थेने २०२४ मध्ये जी आहारसूत्रं काढली, त्यांतही अतिप्रक्रिया केलेले पदार्थ कमी खा असं स्पष्ट म्हटलंय. एकीकडे कर कमी करायचा आणि दुसरीकडे जपून खा म्हणायचं. दोन्ही आपल्याच हिताचं, पण मधला विचार बाईने करायचा!

मग गोठवलेल्या पोळ्या. चवीला ठीक, मुलांना आवडल्या. पण या वस्तू उणे १८ अंशांत ठेवायच्या असतात आणि दुकानापासून आमच्या फ्रीजपर्यंतच्या प्रवासात शीळफाटा येतो. घरी पोचेस्तोवर पाकीट घामाने डबडबलेलं आणि आतल्या पोळ्या एकमेकींना चिकटलेल्या. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवू नये, म्हणून दहाच्या दहा त्याच रात्री भाजल्या. आंबवलेल्या इडली-डोशाच्या पिठाचंही उन्हाळ्यात तेच. पिशवी फुगून टम्म झालेली! आलं-लसणाची पेस्ट आणि चिरलेली भाजी यांनी मात्र प्रामाणिकपणे वेळ वाचवला. पंधरा ते वीस मिनिटं रोजची. चिरलेली भाजी दुसऱ्या दिवशीपर्यंत कोमेजते, तेवढं धरून चाला.

आणि दहा मिनिटांत घरपोच देणारी ॲप्स? वेळेला उपयोगी पडतात, नाकारत नाही. पण दार वाजवणारा मुलगा त्याच ट्रॅफिकमधून, चुकीच्या बाजूने गाडी घालत आलेला असतो. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय कामगार मंत्र्यांनी कंपन्यांना समज दिली आणि ‘दहा मिनिटांत’ ही जाहिरात मागे घेतली जाऊ लागली. बरंच झालं. माझी कोथिंबीर वीस मिनिटांनी आली तर काही बिघडत नाही.

आता महिन्याच्या शेवटचा हिशेब. माझी रोजची सरासरी पंचवीसेक मिनिटं वाचली. पण एक गोष्ट वहीत लिहायची राहत होती, ती मी शेवटच्या आठवड्यात लिहायला लागले. कुठलं पाकीट संपलंय, कुठलं आधी वापरायचं, धाकट्याला कुठलं तिखट लागतं, फ्रीजरमध्ये जागा आहे का, हे सगळं डोक्यात ठेवणारी व्यक्ती कोण? सगळ्या पानांवर उत्तर एकच, मीच. काम कमी झालं, पण कामाची जबाबदारी तिथेच राहिली.

हे माझ्या घरापुरतं नाही. केंद्राच्या सांख्यिकी कार्यालयाने २०२४ मध्ये देशभर ‘वेळेचा वापर’ याची पाहणी केली. तिच्यानुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात, ते ८८ मिनिटं. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. नीट बघा. मधल्या पाच वर्षांत तयार पिठं आली, घरपोच ॲप्स आली, आणि बाईची मिनिटं घटली किती, तर दहा! आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचीही नऊ मिनिटं घटलीच. म्हणजे यंत्रांनी आणि पाकिटांनी जे काही वाचवलं, त्यातून वाटणी काही बदलली नाही.

याआधी असं झालं नव्हतं का? झालं होतं. १९५९ मध्ये हॉकिन्स सुरू झालं, ज्यांचा एक कारखाना आपल्या ठाण्यातच आहे. १९६३ मध्ये सुमीत मिक्सर आला आणि त्याच वर्षी पुण्यात गिट्स. पाटा-वरवंटा आणि चुलीचा धूर यांतून आपल्या आया-सासवा सुटल्या त्या अशा वस्तूंमुळे, यात शंका नाही. माझ्या सासूबाई अजून सांगतात, मिक्सर आला तेव्हा कंबर वाचली. पण पाठोपाठ हेही सांगतात की मिक्सर आल्यावर घरच्यांना रोज चटणी लागायला लागली.

मग सोय म्हणजे नेमकं काय? माझ्या वहीतून मला एक साधी कसोटी सापडली. ‘यात किती मिनिटं वाचतात’ यापेक्षा ‘यामुळे घरातलं दुसरं कुणी जेवण करू शकतं का’ हे बघायचं. या कसोटीला सगळ्यात वर कोण आलं माहीत आहे? कुठलंही चकचकीत पाकीट नाही, तर आमच्या नाक्यावरचं पोळी-भाजी केंद्र! डोंबिवली-ठाण्याला या केंद्रांची काही नवलाई नाही. आमच्याकडे तर आगरी बायका तांदळाच्या भाकऱ्याही करून देतात, पांढऱ्याशुभ्र आणि मऊ.

कारण असं की रात्रीच्या जेवणात वरण, भात, साधी भाजी हे कुणालाही शिकवता येतं. कुकर लावायला कसब लागत नाही. कसब लागतं ते पोळीला. गोल पोळी येत नाही, या एका सबबीवर आपल्या घरातले पुरुष पिढ्यान् पिढ्या ओट्यापासून लांब राहिले. पोळी बाहेरून आली की ती सबबच संपते. आमच्याकडे आता सोमवार ते शुक्रवार पोळ्या विकत. जो आधी घरी पोचेल त्याने कुकर लावायचा. यांनी पहिल्या आठवड्यात मला बसमध्ये तीनदा फोन केला, डाळीत पाणी किती म्हणून. आता नाही करत. मुलगी कोशिंबीर करते, धाकटा ताटं घेतो. पोळ्यांचा खर्च होतो, नाही असं नाही. पण तो खर्च पाकिटांपेक्षा कमी आहे, आणि मीठ किती ते आमच्या हातात राहतं.

एक प्रश्न उरतोच. त्या केंद्रात दुपारपासून तव्यापुढे उभी असलेली बाई घरी जाऊन काय करते? पुन्हा पोळ्याच करते. आपली सोय दुसऱ्या बाईच्या हातातून येते, हे विसरून चालणार नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभारलं. या दोन्ही ठिकाणी बाईच्या हाताच्या कसबाला घराबाहेर मोल मिळालं, आणि ते मोल तिच्याच हातात आलं. म्हणून केंद्रातली पोळी रुपयाने महागली की कुरकुर करण्याआधी थोडा विचार करू या. मोठ्या कारखान्यातल्या पोळीचा कर माफ करणाऱ्या सरकारने या केंद्रांना स्वस्त कर्ज, पाण्याची आणि जागेची सोय दिली, तर शीळफाट्यापासून टिटवाळ्यापर्यंतच्या किती संसारांना हातभार लागेल!

तोवर आपल्या हातात आहे ते करू या. येत्या रविवारी घरच्यांना एकत्र बसवा आणि आठवडाभराची रात्रीची जेवणं एका कागदावर लिहा. प्रत्येक जेवणासमोर एक नाव घाला. पाकीट कुठलं आणायचं हे त्यानंतर ठरवा. आणि सगळ्या ओळींसमोर एकच नाव आलं, तर तो कागद फाडून पुन्हा लिहा, बरं का!