ब्रेडी ही प्लातिनीची प्रस्तावना नव्हे

लियम ब्रेडीचं नाव निघालं की फुटबॉलचे जाणकार दोन गोष्टी हमखास सांगतात. प्लातिनी येईपर्यंत युव्हेंटसने त्याच्यावर वेळ मारून नेली, ही एक. आणि क्लबने नारळ दिल्यावरही त्याच क्लबसाठी पेनल्टी मारून त्याने विजेतेपद मिळवून दिलं, केवढं मोठं मन, ही दुसरी. पहिलीत उपेक्षा आहे, दुसरीत कौतुक. मला दोन्ही अमान्य आहेत.

१९८० मध्ये इटलीने परदेशी खेळाडूंना पुन्हा दार उघडलं, तेही क्लबमागे एकालाच. ती एकुलती जागा युव्हेंटसने आर्सेनलच्या या डावखुऱ्या डब्लिनकराला दिली. वेळ मारून न्यायला कुणी असा माणूस निवडत नाही. त्याच वर्षी कप विनर्स कपच्या उपांत्य फेरीत तो त्यांच्याविरुद्धच खेळला होता. पहिल्या हंगामात लीगमध्ये युव्हेंटसचे सर्वाधिक, म्हणजे ८ गोल या मिडफिल्डरचे. दोन हंगाम, दोन विजेतेपदं. मग दोन परदेशी चालतील असं ठरलं आणि क्लबने प्लातिनी आणि बोनिएक यांना आणलं. प्लातिनी श्रेष्ठच, त्यात वाद नाही. पण त्याच्या पहिल्या हंगामात लीग रोमाने जिंकली, आणि सलामीच्याच सामन्यात सांपदोरियाने युव्हेंटसला १-० असं हरवलं. ब्रेडी आता सांपदोरियाचा होता.

आता ती पेनल्टी. १६ मे १९८२, कातान्झारोचं मैदान, हंगामाचा शेवटचा दिवस. फिओरेंतिना आणि युव्हेंटस समान गुणांवर. पाऊण तास उलटून आणखी अर्धा तास गेला तरी गोल नाही, आणि ७५ व्या मिनिटाला चेंडू ब्रेडीसमोर ठेवला गेला. आपल्या जागी दुसरा येतोय हे त्याला ठाऊक होतं. त्याने गोल केला, तिकडे फिओरेंतिनाची बरोबरी झाली, एका गुणाने लीग युव्हेंटसची. यात औदार्य शोधणाऱ्यांनी एक गृहीत धरलेलं असतं: दुखावलेला खेळाडू मुद्दाम चुकला असता. हे गृहीत ब्रेडीवर अन्याय करणारं आहे. त्या क्षणी लागली ती छाती. दोनच वर्षांपूर्वी ब्रसेल्समध्ये, व्हॅलेन्सियाविरुद्धच्या अंतिम सामन्यात, त्याचीच पेनल्टी हुकली होती आणि आर्सेनलचा कप गेला होता. तरीही पुढे आला तो तोच.

युव्हेंटसनंतर उतरती कळा लागली, असंही म्हणतात. सांपदोरिया, इंटर, आस्कोली ही ती कळा! जिमी ग्रीव्हज काही महिन्यांत मिलानहून परतला, इयन रश एका हंगामात. ब्रेडी सात हंगाम इटलीत टिकला. आणि युव्हेंटसमधला त्याचा प्रशिक्षक त्रापात्तोनी २००८ मध्ये आयर्लंडचा संघ घडवायला आला, तेव्हा त्याने सहायकांमध्ये ब्रेडीलाच घेतलं.