संहिता आहे, कर्ता कुठे?

कृत्रिम बुद्धिमत्ता आली, आता प्रोग्रॅमर हवेत कशाला, अशी द्वाही फिरते आहे. १९५९ साली इंग्रजीसदृश कोबोलची आखणी झाली, तेव्हाही प्रोग्रॅम कुणालाही वाचता येईल अशी आशा होतीच. पीटर नाउर यांनी १९८५ सालीच बजावले होते: प्रोग्रॅम म्हणजे निव्वळ संहिता नव्हे, ती रचणाऱ्यांच्या मनात घडलेली उपपत्ती होय, ती जाणणारे पांगले की प्रोग्रॅम मरतो. आज यंत्र क्षणात हजार ओळी ओकते. 'ही अट इथे का?' याचे उत्तर देणारा मात्र कुणी नसतो. रोलां बार्थ यांनी १९६७ साली घोषित केलेला लेखकाचा मृत्यू समीक्षेला मानवला असेल; मध्यरात्री कोसळलेली प्रणाली सावरणाऱ्याला तो परवडत नाही. लिहिणे कधीच अवघड नव्हते, अवघड होते ते समजणे. न समजलेले वेगाने लिहून मिळाले, याला प्रगती म्हणावे काय?