लशीबरोबर एक पुस्तक

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची जयंती, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात २०१५ पासून ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून साजरी होते. त्या दिवशी शाळाशाळांतून मुले पुस्तके घेऊन बसतात. उपक्रम स्तुत्य आहे. पण वाचनाच्या गोडीचा पाया शाळेच्या कितीतरी आधी घातला जातो, हे त्यात निसटते.

बोलणे मूल ऐकत ऐकत शिकते, वाचन मात्र शिकवावे लागते. लिपीचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षे झाली. एवढ्या अल्पकाळात वाचनासाठी मेंदूत वेगळे केंद्र तयार होणे शक्य नव्हते. त्यामुळे वाचायला शिकताना मेंदू चेहरे व वस्तू ओळखणाऱ्या भागातील काही जागा अक्षरांसाठी वापरू लागतो आणि ती भाषेच्या केंद्रांशी जोडतो. ही जोडणी सरावानेच पक्की होते.

फिलिप गॉफ आणि विल्यम टन्मर या संशोधकांनी १९८६ मध्ये वाचनाचे एक साधे सूत्र मांडले. अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार म्हणजे आकलन. गुणाकारात एक संख्या शून्य असली की उत्तरही शून्य येते. ‘क्षितिज’ हा शब्द अचूक वाचला, पण तो कधी कानावरच पडलेला नसेल, तर वाचून हाती काहीच लागत नाही. ‘जेव, झोप, अभ्यास कर’ एवढ्याच संवादात असे शब्द येत नाहीत. ते गोष्टींतून येतात. घरात अहिराणी, मालवणी किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला तर छापील मराठीची ओळख कानांनी आधी व्हायलाच हवी.

अन्यथा पुढे काय होते, ते ‘असर’ अहवालात दिसते. २०२४ च्या पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. अडखळणारे मूल वाचन टाळते, टाळल्याने शब्द वाढत नाहीत आणि पुढचे पुस्तक आणखी अवघड होते. अशा मुलाला ‘वाचनाची आवड लाव’ असे सांगणे म्हणजे पाय मुरगळलेल्याला पळायला सांगण्यासारखे आहे.

यावर उपाय आरोग्य व्यवस्थेच्या हातात आहे. अमेरिकेत बोस्टनमधील एका सरकारी रुग्णालयात १९८९ मध्ये बालरोगतज्ज्ञांनी तपासणीला आलेल्या बाळांना चित्रांचे पुस्तक द्यायला आणि ते कसे वाचून दाखवायचे हे पालकांना सांगायला सुरुवात केली. पुढे २०१४ मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, अगदी तान्हेपणापासून वाचून दाखवण्याचा सल्ला पालकांना द्यावा, असे धोरणच जाहीर केले.

आपल्याकडे नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाच्या लशीसाठी बाळ केंद्रावर येते, दीड वर्षाच्या सुमारास पुन्हा येते. आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी पोहोचलेल्या आहेत. या भेटींत एक जाड पानांचे मराठी चित्रपुस्तक आणि दोन मिनिटांचे मार्गदर्शन देणे अशक्य नाही. खर्च होईल, पण तिसरीत मागे पडलेल्या मुलाला पुढे आणणे त्याहून कठीण आहे.

घरी करायचे तेही अवघड नाही. रोज झोपताना दहा मिनिटे पुरतात. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा चित्रांवरून गोष्ट सांगू शकते. पुस्तके विकत घेणे परवडत नसेल, तर ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मोफत आहेत. तीच गोष्ट विसाव्यांदा मागितली तरी कंटाळू नये. त्या पुनरावृत्तीतूनच शब्द रुजतात. ‘हे कुठले अक्षर?’ अशी परीक्षा गोष्टीच्या मध्येच घेऊ नये. मूल स्वतः वाचू लागले, तरी वाचून दाखवणे थांबवू नये. त्याला स्वतःला वाचता येते त्यापेक्षा अवघड गोष्ट ऐकून समजते, आणि पुढचे पुस्तक उघडण्याची ओढ तिथूनच लागते.