भिंगातील बुरशी

सोयाबीनचा हंगाम सुरू झाला की सेनगावच्या आडतीवर प्रथम मालाचा ओलावा मोजला जातो. बारा टक्क्यांहून अधिक ओल निघाली तर भाव उतरतो. ओला माल पोत्यात बुरसतो, हे कोणत्याही व्यापाऱ्यास सांगावे लागत नाही. त्याच व्यापाऱ्याच्या घरी आजोबांचा याशिका किंवा आग्फा कॅमेरा मात्र चामडी पेटीत घालून लोखंडी कपाटाच्या तळाशी ठेवलेला असतो आणि त्यावरून वीस पावसाळे गेलेले असतात. चामडे ओल धरून ठेवते आणि बुरशीला खाद्यही पुरवते. कॅमेऱ्यासाठी याहून वाईट घर नाही.

जुना कॅमेरा हाती आला की घरातील जाणती मंडळी धुळीचीच चिंता करतात. वस्तुतः भिंगाच्या आत शिरलेले धुळीचे चार कण छायाचित्रात दिसतही नाहीत. मळणीच्या दिवसांत आणि हळदीच्या पॉलिशच्या वेळी हवेत इतकी धूळ असते की तिच्यापासून पूर्ण सुटका व्हायचीही नाही. बाहेरची धूळ रबरी फुग्याने फुंकून आणि मऊ कुंचल्याने झटकून काढावी. धोतराच्या टोकाने पुसणे हाच खरा अपघात, कारण वाळूचा एक कण काचेवर कायमचा ओरखडा पाडतो.

बुरशीचे तसे नाही. हवेतील आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्क्यांवर दीर्घकाळ राहिली की काचेवरील बोटांचे ठसे, वंगणाचा अंश आणि धूळ यांवर ती वाढू लागते. तिच्यातून स्रवणारी आम्ले प्रथम भिंगावरील लेप खातात व पुढे काचही कोरतात. १९३५ च्या सुमारास जर्मनीत झाइस कंपनीच्या स्माकुला यांनी शोधलेला हा परावर्तनरोधी लेप मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतका पातळ असतो. त्याला किती वेळ लागणार? दुसऱ्या महायुद्धात न्यू गिनीच्या दमट जंगलात सैन्याच्या दुर्बिणी अशाच आंधळ्या झाल्या, तेव्हा ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांना या प्रश्नाच्या मागे लागावे लागले.

निदान घरी करता येते. छिद्र पूर्ण उघडून मागच्या बाजूने विजेरीचा झोत टाकावा. सुटे ठिपके म्हणजे धूळ. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू म्हणजे बुरशी. कडेला इंद्रधनुषी छटा दिसली तर दोन भिंगांमधील डिंक सुटला आहे असे समजावे. बुरशी थोडी असेल तर छायाचित्र फारसे बिघडत नाही, पण पसरल्यावर प्रकाश विखुरतो आणि चित्र धुरकट होते.

उपाय एकच. भिंग उघडून साफ करणे, आणि ते जाणत्या कारागिराकडूनच. कारागीर बहुधा हायड्रोजन पेरॉक्साइड व अमोनियाचे द्रावण वापरतात. लेप कोरला गेला असेल तर ती खूण जात नाही, म्हणून काम देण्यापूर्वी भिंगाची किंमत आणि मजुरी यांचा हिशेब करावा. उन्हात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ लोक देतात. त्याने डाग जात नाहीत, उलट सूर्याकडे रोखलेले भिंग कापडी शटर जाळून टाकू शकते.

येथे जैन घरास आणखी एक विचार आहे. बुरशी ही अनंतकाय जीवांत गणली जाते. इरियावहिया सूत्रातील ‘पणग’ तीच. लोणच्या-पापडांवर ती उपजूच नये म्हणून घरातील स्त्रिया पावसाळ्यात जी दक्षता घेतात, तीच भिंगासाठी पुरेशी आहे. रबरी कडीचा घट्ट डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि लहानसा आर्द्रतामापक ठेवावा, काटा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान राहू द्यावा. त्याहून फार कोरडे झाले तर वंगण सुकते. निळे जेल गुलाबी झाले की तापवून पुन्हा वापरता येते. तांदळाची पुरचुंडी ठेवू नये, पिठाची धूळ होते. डांबरगोळ्यांची वाफही काचेवर थर धरते.

हे छायाचित्रांनाही लागू आहे. सेनगाव निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ, १८४४ मध्ये सरधना येथे जैन कुटुंबात जन्मलेले. त्यांच्या २,८५७ काचपट्ट्या १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. काचपट्टीवर जिलेटिन असते आणि तेही बुरशीचे खाद्यच. घरातील दीक्षा-विवाहांच्या निगेटिव्ह त्याच डब्यात गेल्या तर बरे.

आणि कॅमेरा कारागिराकडे देण्यापूर्वी आत फिल्म राहिली आहे का ते पाहावे. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात रीळ गुंडाळण्याची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवावी. ताण लागला तर मागचे झाकण उघडू नये. आग्फा क्लिकसारख्या कॅमेऱ्यात मागच्या लाल खिडकीत आकडा दिसतो. अशी फिल्म आधी धुण्यास द्यावी. वीस वर्षांनंतरही तिच्यावर आजीचा चेहरा उमटू शकतो.