टळलेल्या अपघातांचा हिशेब

‘काळ आला होता, पण वेळ आली नव्हती’ असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घाटात एस. टी. दरीच्या कठड्याला अडून राहिली की हेच म्हटले जाते आणि आकाशात दोन विमाने एकमेकांस शिवता शिवता राहिली तरी हेच. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चौकटीतील बातमी येते, चौकशीचे आदेश निघतात, एखाद्या कर्मचाऱ्यास कामावरून दूर केले जाते आणि प्रकरण विस्मृतीत जाते. झालेली हानी विमा कंपनीच्या, न्यायालयाच्या, निदान सरकारी मदतनिधीच्या खतावणीत तरी पडते. न झालेली हानी कोणाच्याच खात्यावर पडत नाही, आणि जिचा खर्च कोणालाच सोसावा लागत नाही अशा गोष्टीकडे लक्ष देण्याची घाई सहसा कोणी करीत नाही.

मुंबईच्या आकाशातील दोन प्रसंग या दृष्टीने आठवण्याजोगे आहेत. ९ फेब्रुवारी २००९ रोजी दिल्लीला निघालेले एअर इंडियाचे विमान सांताक्रूझच्या धावपट्टीवर वेगाने धावत असताना तत्कालीन राष्ट्रपतींच्या ताफ्यातील एक हेलिकॉप्टर त्याच धावपट्टीवर उतरले. वैमानिकाने जोराने ब्रेक लावून विमान थांबविले, म्हणून अनर्थ टळला. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी मुंबईहून भोपाळला निघालेले एअर इंडियाचे विमान आणि दिल्लीहून पुण्याकडे येणारे तेव्हाच्या विस्तारा कंपनीचे विमान यांच्या उंचीत केवळ सुमारे १०० फुटांचे अंतर उरले. दोन्ही विमानांत मिळून सुमारे २६० प्रवासी होते. विमानातील टक्करप्रतिबंधक यंत्रणेने धोक्याचा इशारा दिला, वैमानिकांनी तो पाळला आणि माणसे सुखरूप घरी पोचली.

यातील दुसरा प्रसंग टळला तो यंत्रामुळे. हे यंत्र समोरच्या विमानातील ट्रान्स्पाँडर नावाच्या उपकरणाशी जणू संभाषण करते आणि ‘तू वर जा’, ‘तू खाली जा’ असा आदेश देते. परंतु समोरचे उपकरण बंद असेल, किंवा नसेलच, तर यंत्राच्या लेखी ते विमान आकाशात नसते. मोठ्या प्रवासी विमानांना ही यंत्रणा भारतात सक्तीची झाली ती १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरी येथे सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मृत्युमुखी पडल्यानंतर. येणारी आणि जाणारी विमाने दिल्लीला तेव्हा एकाच मार्गाने नेली जात आणि नियंत्रकासमोरच्या रडारवर विमानाची उंची दिसत नसे. हे दोन्ही दोष दुर्घटनेपूर्वी कोणास ठाऊक नव्हते असे नाही.

लहान विमाने, हेलिकॉप्टरे आणि प्रशिक्षणार्थींची विमाने यांच्यावर मात्र ती यंत्रणा असेलच असे नाही. स्वच्छ हवेत ती बहुधा ‘पाहा आणि टाळा’ या तत्त्वावर उडतात. हे तत्त्व ऐकावयास जितके सोपे तितकेच आचरावयास कठीण आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला सुमारे १११ मीटरने घटते. दोन किलोमीटरवर एकमेकांचा ठिपका दिसला असे धरले तरी हाती उरतात अठरा सेकंद. त्यांपैकी वस्तू दिसणे, ती विमान आहे हे ओळखणे, टक्कर होणार हे उमगणे, निर्णय घेणे आणि विमानाने वळण घेणे यांत साडेबारा सेकंद जातात, असे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचे मार्गदर्शन सांगते. त्यात आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की, टक्करीच्या मार्गावर असलेले विमान काचेवर सरकताना दिसत नाही. ते एकाच जागी स्थिर राहते आणि नुसते मोठे होत जाते. माणसाचा डोळा हालचाल टिपण्यात तरबेज. स्थिर ठिपका त्याच्या नजरेतून निसटतो. कोकणातील आषाढ-श्रावणाच्या ढगांत किंवा हिवाळ्यातील धुरकट सकाळी काय होत असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

रायगड जिल्ह्याचा, विशेषतः पेण-रोहे भागाचा, या साऱ्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून नियमित उड्डाणे सुरू झाली. पेणपासून तो हवाई अंतराने तीस किलोमीटरच्या आत आहे. सांताक्रूझ आणि नवी मुंबई यांच्यात सरळ रेषेत सुमारे पंचवीस किलोमीटरचे अंतर. सांताक्रूझला खेटून जुहूचा जुना विमानतळ, जेथून हेलिकॉप्टरे उडतात. कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ. घाटमाथ्यापलीकडे हवाई दलाचे लोहगाव. अलिबाग-मांडव्याच्या बंगल्यांकडे जाणारी हेलिकॉप्टरे आणि निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांची हेलिकॉप्टरे यांची गर्दी निराळीच. ३ मे २०२४ रोजी महाडला एका प्रचारासाठी आलेले हेलिकॉप्टर तात्पुरत्या तळावर उतरताना कलंडले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. आणि या आकाशाखाली आहेत नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प, थळचा खत कारखाना, रोह्याजवळची धाटावची रसायन वसाहत, डोळवीची पोलाद भट्टी. १९७८ साली सॅन डिएगो येथे प्रवासी विमान आणि लहान सेस्ना विमान यांची टक्कर झाली तेव्हा जमिनीवरील सात जण गेले. १९८६ साली लॉस एंजलिसजवळ सेरिटोस येथे असाच प्रकार घडला तेव्हा पंधरा. त्यांपैकी कोणीही विमानाचे तिकीट काढलेले नव्हते.

येथे खरा प्रश्न आर्थिक आहे. आकाश हे गावच्या गायरानासारखे सामाईक धन आहे. गायरानात एक गुरू अधिक सोडल्याने चराई किती घटते, हे गुराख्याला जाणवत नाही. आपल्याकडे हवाई मार्गाचे शुल्क मुख्यतः विमानाचे वजन आणि अंतर यांवर ठरते. नियंत्रकाचे अवधान मात्र वजनावर खर्च होत नाही. संथ गतीचे लहान विमान मोठ्या विमानांच्या रांगेत आले, तर त्याच्या पुढे-मागे अधिक अंतर राखावे लागते, म्हणजे ते जागा आणि लक्ष दोन्ही जास्त घेते आणि मोबदला कमी देते. या दोहोंतील फरक शेवटी कोण सोसतो? रांगेत ताटकळणारा प्रवासी. केंद्रीय विमान वाहतूक मंत्रालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, मुंबईवर ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालणारे विमान १.७ ते २.५ किलोलीटर इंधन जाळते. त्याची किंमत १.८ ते २.६ लाख रुपये. त्या सुमारास गर्दीच्या तासांतील उड्डाणे ताशी ४६ वरून ४४ वर आणली गेली आणि खासगी विमानांवरील निर्बंधाची वेळ चार तासांवरून आठ तास करण्यात आली. निर्णय योग्यच होता. तथापि बंदीने उड्डाण नाहीसे होत नाही. ते दुसरी वेळ शोधते, दुसरे तळ शोधते.

मात्र शुल्क वाढवून सर्व काही साधेल, असे मानणे हा अर्थशास्त्रज्ञांचा नेहमीचा भाबडेपणा होय. धोका किती आहे हे कळल्याविना त्याची किंमत ठरविणार कशी? आणि तो कळतो टळलेल्या अपघातांच्या नोंदींवरूनच. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचे विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळून ९२ माणसे दगावली. सहाच आठवड्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीचे विमान नकाशाच्या त्याच घोटाळ्यामुळे त्याच डोंगराला धडकता धडकता वाचले होते. त्या कंपनीने आपल्या वैमानिकांना सावध केले. इतरांना ते कळलेच नाही. या धड्यातून १९७६ मध्ये तेथे वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी निनावी नोंदीची व्यवस्था सुरू झाली. ती नियामक खात्याकडे न ठेवता अवकाश संशोधन संस्थेकडे सोपविली, कारण ज्याच्या हाती शिक्षा आहे त्याच्यापाशी कोणी मन मोकळे करीत नाही.

पण नोंद करून ती कपाटात ठेवण्यानेही भागत नाही. २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टनला प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मृत्युमुखी पडले. त्यानंतर असे उघडकीस आले की, ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात त्या एका विमानतळाजवळ विमाने आणि हेलिकॉप्टरे धोकादायकरीत्या जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी दप्तरी होत्या. त्या वाचून पाहण्याची गरज कोणास वाटली नाही.

आपल्याकडील चित्र फारसे निराळे नाही. ७ जानेवारी २०२२ रोजी बंगळूरला एकाच कंपनीची दोन विमाने समांतर धावपट्ट्यांवरून एकाच वेळी उडाली आणि आकाशात एकमेकांच्या दिशेने वळली. रडारवरील नियंत्रकाने ते पाहिले म्हणून निभावले. त्या प्रसंगाची नोंद वेळीच कोणत्याही वहीत झाली नव्हती. ८ जून २०२४ रोजी मुंबईला एक विमान धावपट्टी सोडत असतानाच मागून दुसरे उतरले. नियंत्रकास तात्काळ कामावरून दूर करण्यात आले. चूक झाकू नये हे खरे. परंतु पहिली प्रतिक्रिया शिक्षेची असेल, तर पुढची नोंद कोण करणार? ज्या महासंचालनालयाने हे सारे पाहावयाचे, तेथील मंजूर पदांपैकी जवळजवळ निम्मी रिकामी असल्याचे २०२५ मध्ये संसदीय समितीपुढे आलेच आहे. नियंत्रकांची कमतरता आणि थकवा यांवरही तिने बोट ठेवले.

नवी मुंबईची दुसरी धावपट्टी अद्याप व्हावयाची आहे, म्हणजे अवधी आहे. तोवर जुहू, कुलाबा आणि रायगडचा किनारा यांमधील हेलिकॉप्टरांचे मार्ग उंचीसह नकाशावर आखून द्यावेत आणि त्या क्षेत्रात ट्रान्स्पाँडरविना एकही विमान शिरू देऊ नये. त्याचा खर्च उडणाऱ्याने सोसावा. ज्याला हेलिकॉप्टर परवडते त्याला हे उपकरण परवडते. निनावी नोंदीचे काम महासंचालनालयाकडून काढून एखाद्या तंत्रशिक्षण संस्थेकडे द्यावे, आणि विमाने जवळ आल्याच्या घटनांची यादी, नावे वगळून, दर तिमाहीस मराठी वृत्तपत्रांतही छापून यावी. धरणाच्या पाण्याची पातळी आणि पावसाचे आकडे आपण रोज छापतोच.